संशयास्पद बिनतारी संभाषण कानावर आले तर काय करावे? सोसायटीत जॅमर बसवणे योग्य आहे का?

धायरीफाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमची सोसायटी सिंहगड रस्त्यावर, धायरीच्या बाजूला आहे. सुरक्षारक्षकांकडे ऑनलाइन मागवलेले वॉकीटॉकी आहेत. गेल्या काही आठवड्यांपासून रात्रपाळीच्या रक्षकांना आपल्या संचावर अनोळखी माणसांचे बोलणे ऐकू येते. "दोन निघाल्या", "मागच्या गेटला थांब", "तिसऱ्यावर अंधार आहे" अशी तुटक वाक्ये असतात आणि नावगाव काहीच कळत नाही. आजूबाजूच्या बंगल्यांत अलीकडे घरफोड्या झाल्यामुळे ज्येष्ठ सभासद घाबरले आहेत.

परवाच्या विशेष सभेत सुरक्षा साहित्याच्या एका पुरवठादाराने जॅमर, म्हणजे बिनतारी लहरी अडवणारे यंत्र, बसवण्याचा प्रस्ताव मांडला. रात्री अकरा ते पहाटे पाच तो चालू ठेवला की "कोणाचेच काही चालणार नाही" असे त्यांचे म्हणणे होते, आणि निम्म्या सभेला ते पटले. मी समितीचा सचिव असल्यामुळे ठरावाचा मसुदा मला करायचा आहे आणि माझे मन त्याला तयार होत नाही. हवेतल्या लहरींवर लक्ष ठेवण्याचे काम नेमके कोणाचे असते, सोसायटीला जॅमर लावता येतो का, आणि असे बोलणे कानावर आले तर नागरिकाने कोणती पावले उचलावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

औंध_रोड

सर्वांत आधी जवळच्या पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या. बाकीची चर्चा त्यानंतर करता येईल.

तरंगवेध

मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक आहे, म्हणून तांत्रिक बाजू मांडतो.

स्वस्तातले वॉकीटॉकी कारखान्यातून निघतानाच ठरावीक सोळा चॅनेल भरून येतात, आणि एकाच नमुन्याच्या हजारो संचांत तीच सोळा चॅनेल असतात. तुमच्या रक्षकांचा चॅनेल एक, पलीकडच्या बांधकामावरचा चॅनेल एक आणि मंगल कार्यालयातल्या वाहनतळाचा चॅनेल एक हे सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत असतात. त्यामुळे "अनोळखी माणूस आमच्या संचात घुसला" असे वाटते, पण बहुतेक वेळा दोघेही एकाच मोकळ्या मैदानात उभे राहून बोलत असतात. इमारतींच्या गर्दीत अशा संचाचा पल्ला जेमतेम एक-दोन किलोमीटर असतो. मात्र धायरीच्या टेकडीवरून किंवा उंच इमारतीच्या गच्चीवरून बोलणारा माणूस त्याच्या कितीतरी पट लांब ऐकू येतो.

काही संचांवर "प्रायव्हसी टोन" अशी सोय असते. तिच्यामुळे तुमचे बोलणे गुप्त राहत नाही. तो टोन नसलेले बोलणे तुमच्या स्पीकरवर येत नाही, एवढाच तिचा उपयोग. तुमचे बोलणे मात्र त्या फ्रिक्वेन्सीवर असलेल्या प्रत्येकाला ऐकू जाते. म्हणून रक्षकांनी फ्लॅटचे क्रमांक, कोण गावाला गेले आहे, कोणाची चावी कुठे आहे हे वॉकीटॉकीवर कधीही बोलू नये. तुम्हाला दुसऱ्यांचे ऐकू येते, त्याअर्थी तुमचेही दुसऱ्यांना ऐकू जाते, आणि मला याची काळजी जास्त वाटते.

आता जॅमरविषयी. बाजारात चोरून विकले जाणारे जॅमर बहुधा मोबाइलच्या पट्ट्यांसाठी बनवलेले असतात, म्हणजे ७००, ८००, ९००, १८००, २१००, २३०० मेगाहर्ट्झ आणि त्यापुढचे. तुमच्या रक्षकांचे संच ४०० ते ४७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. याचा अर्थ असा की तो जॅमर लावल्यावर सभासदांचे मोबाइल बंद पडतील आणि ज्यांच्यासाठी तो लावला, त्यांचे बोलणे पूर्वीसारखेच चालू राहील.

धायरीफाटा

हा शेवटचा मुद्दा सभेत कोणाच्याही लक्षात आला नव्हता. मनापासून आभार.

कलम_वाचक

कायद्याची स्थिती स्पष्ट आहे, ती ठरावाच्या मसुद्यात जशीच्या तशी घालावी.

दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४८ प्रमाणे दूरसंचार रोखणारे उपकरण केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय कोणालाही वापरता येत नाही. हे कलम जुलै २०२४ पासून लागू आहे. असे उपकरण विनापरवाना जवळ बाळगल्यास कलम ४२ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसते जवळ बाळगणेसुद्धा गुन्हा ठरते, म्हणून "आणून ठेवू, गरज पडली तर लावू" ही पळवाटही उरत नाही. खाजगी संस्था, सोसायटी, शिकवणीवर्ग, कारखाना यांपैकी कोणालाही सूट नाही. जॅमर ठेवण्याची मुभा सुरक्षा दले, तुरुंग आणि ठरावीक अटींवर परीक्षा घेणाऱ्या वैधानिक संस्था यांनाच, तीही केंद्राच्या रीतसर संमतीने मिळते.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. दुसऱ्याचा संदेश अनधिकृतपणे मधेच पकडणे हाही कलम ४२ खालचा गुन्हा आहे, आणि त्यासाठी तीन वर्षे कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आपल्या चॅनेलवर एखादे वाक्य आपोआप कानावर येणे वेगळे आणि मुद्दाम स्कॅनर आणून रात्रभर इतरांचे बोलणे गोळा करणे वेगळे. सभेतला एखादा उत्साही सभासद हा पर्याय सुचवील, त्याला आधीच थांबवावे. आणि ऐकलेले बोलणे सोसायटीच्या व्हॉट्सअॅप समूहावर टाकू नये, ते पोलिसांकडेच द्यावे.

बिनतारी_संदेश

पोलिस बिनतारी विभागात माझी उभी हयात गेली. राज्याच्या बिनतारी विभागाचे मुख्यालय आपल्या पुण्यातच, पाषाण रस्त्यावर चव्हाणनगरला आहे, हे पुष्कळ पुणेकरांना ठाऊक नसते.

धागाकर्त्यांचा पहिला प्रश्न असा की लक्ष ठेवण्याचे काम कोणाचे. फ्रिक्वेन्सी वाटून देणारी यंत्रणा केंद्राच्या दूरसंचार विभागात आहे. १९५२ पासून डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) या नावाने ओळखला जाणारा कक्ष ते काम करतो. नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर दुसराच कोणी बोलतो आहे का, कोणाच्या यंत्रामुळे विमानतळाच्या किंवा पोलिसांच्या संदेशांत खरखर येते आहे का, हे तपासण्यासाठी त्याच विभागाची बिनतारी देखरेख केंद्रे आणि दिशाशोधक यंत्रे बसवलेली वाहने आहेत. गुन्ह्याचा तपास मात्र पोलिसांचा. म्हणून तक्रार पोलिस ठाण्यात करायची आणि पुढे गरज पडल्यास पोलिस दूरसंचार विभागाची मदत घेतात.

बोलणाऱ्याला शोधण्याची पद्धत सांगतो, म्हणजे ऐकण्याचे मोल कळेल. दिशादर्शक अँटेना फिरवून संदेश कोणत्या बाजूने सर्वांत जोरात येतो ते पाहायचे आणि नकाशावर त्या दिशेने रेघ ओढायची. मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन तेच करायचे. रेघा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या आसपास तो माणूस असतो. शहरात इमारतींवर आपटून लहरी भलतीकडून येतात, म्हणून तिसरी आणि चौथी रेघही घ्यावी लागते. हे सगळे तो बोलत असेल तरच शक्य आहे. तुम्ही त्याचे बोलणे बंद पाडलेत, तर त्याला सावध केलेत आणि माग काढण्याचा एकमेव धागाही तोडलात.

म्हणून रक्षकांना तीन सूचना ठामपणे द्या. त्या चॅनेलवर उलट बोलायचे नाही, "कोण आहे रे" असा दरडावणीचा सूर लावायचा नाही, आणि वहीत वेळ, चॅनेल, नेमके शब्द, आवाज स्वच्छ होता की खरखरीत, आणि आपण त्या वेळी कोणत्या गेटवर उभे होतो हे लिहायचे. साध्या संचानेही, मागच्या गेटला आवाज स्वच्छ आणि पुढच्या गेटला अस्पष्ट, एवढे कळले तरी तपासाला दिशा मिळते.

नळस्टॉप

वरच्या सर्व जाणकारांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. सोसायटीने जॅमर लावू नये हे मान्य. परंतु सरकारने तो अधिक मोकळेपणाने वापरायला हवा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. १३ फेब्रुवारी २०१० ची कोरेगाव पार्कमधल्या जर्मन बेकरी स्फोटाची संध्याकाळ आणि १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर झालेले स्फोट पुणे विसरलेले नाही. दूरनियंत्रित स्फोटकाला मिळणारा संदेश अडवला, तर माणसे वाचतात. डिसेंबर २००३ मध्ये रावळपिंडीत पाकिस्तानचे तत्कालीन अध्यक्ष मुशर्रफ यांच्या ताफ्यावर झालेला हल्ला ताफ्यातल्या जॅमरमुळे फसला, पूल उडाला तो ताफा पुढे गेल्यावर. गणेशोत्सवात, पालखीत, जिथे लाखो लोक जमतात तिथे हे संरक्षण सामान्य माणसाला का मिळू नये?

बिनतारी_संदेश

नळस्टॉप, तुमची कळकळ समजते, म्हणून सविस्तर लिहितो.

ताफ्यातला जॅमर काही सेकंद एका जागी असतो आणि पुढे सरकतो. विसर्जन मिरवणूक अलका चौकात दुसऱ्या दिवसापर्यंत चालू असते. तिथे जॅमर लावला, तर हरवलेले मूल शोधणारी आई, चक्कर आलेल्या आजोबांसाठी रुग्णवाहिका बोलावणारा कार्यकर्ता आणि एकमेकांना शोधणारी ढोलपथकातली मुले, या सर्वांचे फोन बंद पडतात. गर्दीत चेंगराचेंगरी सुरू होते ती बहुधा अफवेने, आणि अफवा खोडण्याचे साधनच आपण काढून घेतलेले असते.

बंदोबस्तात असताना एका वर्षी नियंत्रण कक्षात अचानक आमचा मुख्य चॅनेल मुका झाला. कोणाचाही संदेश येईना, नुसती ढोलांची घरघर ऐकू येत होती. गर्दीत कोणाच्या तरी कमरेला लावलेल्या संचाचे बोलण्याचे बटण दाबलेले राहिले होते, आणि त्या एका संचाने लक्ष्मी रस्त्यावरच्या सगळ्या ठाण्यांचे बोलणे अडवले. आम्ही पर्यायी चॅनेलवर जाऊन एकेका ठाण्याची हजेरी घेतली; उत्तर आले नाही त्या ठिकाणी माणूस धाडला, तेव्हा तो संच सापडला. एका बटणाने चालू बंदोबस्ताची ही अवस्था होते, मग चौकाचौकांत जाणूनबुजून लहरी अडवल्या, तर पोलिसांचे स्वतःचे काम कसे चालेल?

परिचारिका_हडपसर

रुग्णालयाच्या बाजूने एक भर घालते. हृदयविकाराच्या रुग्णाला घेऊन निघालेली रुग्णवाहिका वाटेतूनच आम्हाला फोन करते आणि ईसीजीचा फोटो पाठवते, त्यामुळे रुग्ण दारात येईपर्यंत तयारी झालेली असते. पाच मिनिटे नेटवर्क नसणे म्हणजे काय, हे आम्ही आपत्कालीन कक्षात पाहतो. धागाकर्त्यांच्या सोसायटीत तर ज्येष्ठ सभासद जास्त आहेत. रात्री अकरा ते पाच याच वेळेत त्यांना ११२ आणि १०८ ची गरज पडण्याची शक्यता सर्वाधिक असते.

तरंगवेध

ताईंच्या मुद्द्याला जोडून एक सांगतो. टॉवरकडून मोबाइलपर्यंत पोहोचणारा संदेश अतिशय क्षीण असतो, त्यामुळे जॅमरला फार शक्ती लागत नाही. मोबाइलला टॉवरचा आवाज ऐकू येणार नाही एवढा गोंगाट केला की झाले. तो गोंगाट कुंपणाशी थांबत नाही. शेजारची सोसायटी, रस्त्यावरचा रिक्षावाला आणि लिफ्टमधल्या आपत्कालीन फोनमधले सिम कार्ड हे सगळे त्यात सापडतात. त्यातून टॉवरवर बिघाड दिसू लागला की मोबाइल कंपनी आणि दूरसंचार विभाग शोध घेत तुमच्याच गच्चीवर येतात.

जीपीएसचा संदेश तर याहूनही दुबळा. २०१२ मध्ये अमेरिकेत नेवार्क विमानतळाजवळून जाणाऱ्या एका ट्रकचालकाने, मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून लहानसा जीपीएस जॅमर लावला होता. त्याने विमाने उतरवण्याच्या प्रणालीत अडथळा आला आणि २०१३ मध्ये त्याला जवळपास ३२ हजार डॉलर दंड ठोठावण्यात आला. आपल्याकडे लोहगावला हवाई दलाचा तळ आणि नागरी विमानतळ एकत्र आहेत, हे विसरून चालणार नाही.

खोडदची_वाट

माझे गाव नारायणगावच्या पलीकडे, जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना दिसतात त्या भागात. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिथे आहेत, सर्वांत लांबच्या दोहोंमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर. मानवनिर्मित लहरींचा गोंगाट कमी आणि भोवती डोंगरांचा आडोसा, म्हणून ही जागा निवडली गेली. दुर्बिणीचा एक पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा आहे, आणि वर तरंगवेध यांनी सांगितलेले वॉकीटॉकी बरोबर त्याच पट्ट्यात बोलतात. विजेच्या तारेवरची ठिणगीसुद्धा तिथे निरीक्षण बिघडवते, म्हणून अशा गोंगाटाचा उगम शोधत माणसे गावोगाव फिरतात आणि शेतकऱ्यांशी बोलून तो दूर करवतात.

२०२४ च्या पावसाळ्यात जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरतात अशा तक्रारी खूप आल्या होत्या आणि गावकरी गस्त घालत होते. तेव्हाही कोणीतरी ड्रोन पाडणारा जॅमर आणण्याची भाषा करत होते. असे जॅमर बहुतेक २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वायफायच्याच पट्ट्यांत चालतात. शिवाय संदेश तुटलेला ड्रोन कुठे आणि कोणाच्या डोक्यावर पडेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

मुठाकाठ

चर्चा जॅमरवर अडकली आहे. माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न देखरेखीचा आहे. "सार्वजनिक सुरक्षा" हे कारण पुढे केले की कोणाचेही बोलणे ऐकता येते, अशी समजूत समाजात रुजते आहे. सोसायटीच्या पातळीवर स्कॅनर आणि राज्याच्या पातळीवर फोन टॅपिंग, या दोहोंमागची वृत्ती एकच आहे. माझे बोलणे कोण, कोणत्या आदेशाने आणि किती दिवस ऐकतो, हे विचारण्याचा मला हक्क आहे.

नळस्टॉप

हक्क आहे, पण २६/११ ला पोलिसांनी हल्लेखोरांचे फोन ऐकले नसते, तर त्यांना सीमेपलीकडून सूचना देणारे कोण होते हे जगाला कळलेच नसते. ते ऐकणे तुम्हाला चूक वाटते का?

मुठाकाठ

मुळीच नाही. उलट ते उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे प्रत्यक्ष हल्ला चालू होता, विशिष्ट क्रमांक हाती लागले होते, आणि ऐकलेले बोलणे पुढे न्यायालयासमोर पुरावा म्हणून आले. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात त्या संभाषणांचे उतारे आहेत. ते फोन पहिल्याच तासाला बंद पाडले असते, तर हा पुरावा उभा राहिला नसता. अर्थात, सूचना तुटल्या असत्या तर कदाचित काही जीव वाचले असते, हा युक्तिवादही मी हलक्याने घेत नाही. असा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर फार मोठा भार असतो, आणि म्हणूनच तो लेखी आणि तपासता येण्यासारखा असावा.

कलम_वाचक

मुठाकाठ यांनी मागितलेली चौकट कागदावर आहे. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरील १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने टॅपिंगवर बंधने घातली. आता डिसेंबर २०२४ चे नियम लागू आहेत. आदेश केंद्रात किंवा राज्यात गृह सचिवांचा लागतो. तो ६० दिवस टिकतो आणि मुदतवाढीसह १८० दिवसांच्या पुढे जात नाही. निकडीच्या प्रसंगी ठरावीक वरिष्ठ अधिकारी आदेश देऊ शकतो, पण सात कामकाजी दिवसांत त्याला मान्यता मिळाली नाही तर ऐकणे थांबवावे लागते. पुनर्विलोकन समिती हे आदेश तपासते. इंटरनेट किंवा मोबाइल सेवा बंद ठेवण्याचा आदेश वेगळ्या नियमांखाली येतो. तो कारणांसह प्रसिद्ध करावा लागतो आणि १५ दिवसांहून अधिक काळ चालू शकत नाही.

ही बंधने नुसती शोभेची नाहीत. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात टॅपिंगचे आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षा यांपैकी कोणतेही कारण तिथे दिसत नव्हते. ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचाही आदेश झाला. माझी खंत एवढीच की पुनर्विलोकन समितीत सरकारी अधिकारीच बसतात, बाहेरचा कोणी नसतो. नळस्टॉप यांच्या मागणीतला वेग आणि मुठाकाठ यांच्या मागणीतली तपासणी एकत्र नांदायची असेल, तर त्या समितीत न्यायाधीश असायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

नळस्टॉप

न्यायाधीशांचा मुद्दा मला मान्य आहे. वेगावर मात्र मी ठाम आहे.

कोंढवा_खुर्द

एक वेगळा अनुभव. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या भागात एटीएसने बेकायदा टेलिफोन एक्सचेंजवर छापा घातला होता. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल सिम बॉक्समधल्या (अनेक सिम कार्डे एकत्र चालवणाऱ्या यंत्रातल्या) स्थानिक सिम कार्डावरून पुढे पाठवला जातो, त्यामुळे समोरच्याला तो इथलाच क्रमांक दिसतो आणि मूळ कॉल कुठून आला हे तपास यंत्रणेला कळत नाही. एका खोलीत हजारो सिम कार्डे असतात. अशा खोलीची खूण लहरींपेक्षा शेजाऱ्यांनाच आधी दिसते: भाडेकरू क्वचित येतात, पंखे आणि यंत्रे चोवीस तास चालू असतात, खिडकीत अँटेना दिसतात. भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे नोंदवणे किती आवश्यक आहे, हे आम्हाला तेव्हा कळले.

धायरीफाटा

सर्वांचे उत्तर वाचून काल समितीची बैठक घेतली. जॅमरचा प्रस्ताव एकमताने फेटाळला आणि कलम ४८ चा उल्लेख इतिवृत्तात केला. रक्षकांच्या वहीवरून असे दिसले की आवाज मागच्या गेटला सर्वांत स्वच्छ येतो, आणि तिकडे एका इमारतीचे काम चालू आहे. पोलिस हवालदार तिथे जाऊन आले. "दोन निघाल्या" म्हणजे काँक्रीटच्या गाड्या आणि "तिसऱ्यावर अंधार" म्हणजे तिसरा मजला, असा खुलासा झाला. परंतु वहीत पहाटे चारच्या सुमाराच्या काही नोंदी आहेत. त्यांतला आवाज त्या बांधकामावरच्या मुकादमाचा नाही आणि त्या वेळी काम बंद असते. त्या नोंदी आम्ही पोलिसांकडे स्वतंत्रपणे दिल्या आहेत. आमच्या स्वतःच्या संचांचे काय करावे?

तरंगवेध

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच २०१८ च्या नियमांनुसार परवान्याशिवाय वापरता येतात, मात्र त्या संचाला सरकारची ईटीए, म्हणजे त्या प्रकारच्या उपकरणाला दिलेली, मान्यता असावी लागते. तुमचे जुने संच त्या पट्ट्याबाहेर बोलत असतील, तर ते विनापरवाना ठरतात. अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. नवे घेताना विक्रेत्याकडून ईटीए प्रमाणपत्राची प्रत घ्या आणि बिलावर फ्रिक्वेन्सी लिहून घ्या.

बिनतारी_संदेश

पहाटेच्या नोंदींच्या अर्जाची पोच घेतली नसेल तर आजच घ्या आणि त्यावर ठाण्याचा शिक्का व आवक क्रमांक आहे ना ते पाहा. तपास पूर्ण होईपर्यंत जुना एक संच पोलिसांना विचारल्याशिवाय बदलू नका, कारण तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर लावलेला आहे हे त्यांना पाहावे लागेल. आणि वही मूळचीच जपा, स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढू नका. रक्षकाने त्या क्षणी लिहिलेली खाडाखोडीची ओळ न्यायालयात अधिक उपयोगी पडते.